झीझी प्लांट : सतरा महिन्यांचा अनुभव, मधल्या एका पावसाळ्यासकट

आमचा हॉल उत्तरेकडचा. खिडकी आहे, पण समोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे, त्यामुळे दुपारी बारालाही पेपर वाचायचा तर दिवा लावावा लागतो. या हॉलमध्ये आधी अरेका पाम गेला, मग क्रोटन गेलं. क्रोटनचं शेवटचं पान गळालं तेव्हा मी ठरवलं होतं की आता घरात झाड आणायचं नाही, उगाच जीव जातो. तरी गेल्या वर्षी संक्रांतीनंतर उरुळी कांचनच्या बाजूला जाणं झालं. सोलापूर रस्त्याच्या कडेला नर्सऱ्याच नर्सऱ्या, आणि त्यातल्या एकीत सावलीच्या जाळीखाली ही काळपट हिरवी, मेण चोळल्यासारखी चकचकीत पानं दिसली. मला आधी प्लास्टिकचीच वाटली. सहा इंची कुंडी, पाच दांड्या, साडेतीनशे रुपये.

कुणी याला झीझी म्हणतं, कुणी झेडझेड, नर्सरीवाला झामिया म्हणत होता. पूर्ण नाव झामिओकलकस झामिफोलिया. मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, केनियापासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत. नेदरलँड्समधल्या रोपवाटिकांनी १९९६ च्या सुमारास त्याची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू केली आणि मग ते जगभरच्या ऑफिसांत पोचलं. नावातला ‘कलकस’ मात्र आपल्या ओळखीचा निघाला. अरबीत अळूला कुलकास म्हणतात, त्यावरून तो आला आहे. झीझी अळूच्याच कुळातलं, म्हणजे सुरण आणि मनीप्लांट याचे भाऊबंद. हे कळलं तेव्हा मला या झाडाबद्दल एकदम आपुलकी वाटली, आणि पुढे जे घडलं त्याचं कारणही या नात्यातून समजलं.

पहिले तीन-साडेतीन महिने काहीच घडलं नाही. म्हणजे खरंच काही नाही, ना नवं पान, ना जुनं गळालं. मी तीन आठवड्यांतून एकदा पाणी द्यायची आणि विसरून जायची. मे महिन्यात एक नवा कोंब आला, पोपटी, टोकदार, गुंडाळलेल्या भाल्यासारखा. दोन आठवड्यांत तो उलगडला आणि हळूहळू गडद झाला. आपण जिला फांदी म्हणतो ती खरं तर एकच संयुक्त पान असतं. बाजूला दिसतात त्या त्याच्या पर्णिका. म्हणून मधूनच छाटलं तर त्या दांडीला नवा फुटवा येत नाही. तो यायचा तर मातीतूनच.

मग पावसाळा आला. सासूबाई रोज सकाळी तुळशीला पाणी घालतात. तांब्यात उरलेलं पाणी त्या आत येता येता झीझीला घालत होत्या, हे मला जुलैच्या शेवटी कळलं. मी म्हटलं, “आई, याला रोज पाणी नको.” त्या म्हणाल्या, “अगं, तुळशीला रोज मिळतं, मग याला का उपाशी ठेवायचं? तेही घरातलंच ना?” मला काही बोलवेना, कारण त्यांनी मायेनेच घातलं होतं. आणि खरी चूक माझी होती. नर्सरीची प्लास्टिकची कुंडी मी तशीच एका चिनीमातीच्या शोभेच्या भांड्यात ठेवली होती. त्या भांड्याला भोक नाही. खाली दोन बोटं पाणी साचलेलं, आणि पुण्यातल्या ओल्या हवेत ते सुकणार तरी कसं?

आधी चिलटं दिसायला लागली, मातीवर घोंघावणारी बारीक काळी. मग दोन दांड्या खालून पिवळ्या पडल्या. एक हातात धरली तर बुडापासून अलगद सुटून आली. तिचा खालचा फुगीर भाग तपकिरी, बोटाने दाबला की आतून पाणी यायचं, आणि वास थेट सडक्या बटाट्याचा. कुंडी उलटी केली तेव्हा कळलं की मातीत खरोखर बटाट्यासारखे कंद असतात. चार कंद होते, त्यांतले दोन लगदा झालेले.

या कंदांतच सगळं आहे. झीझी पाणी तिथे साठवतं, शिवाय दांड्यांत आणि पानांतही. दांडीत तर ९५ टक्के पाणीच असतं. पाणी तुटलं की हे झाड दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं आणि कार्बन डायऑक्साइड रात्री ओढून ठेवतं, निवडुंगासारखं. अळूच्या कुळातलं एखादं झाड असं करतं हे २००७ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. अळूला पाय पाण्यात लागतात आणि त्याच घरातलं हे पोर दुष्काळासाठी घडलेलं. त्याला रोज तांब्याभर पाणी म्हणजे पोट भरलेल्या माणसाला बळेच वाढत राहणं.

वाचवलं ते असं. सडलेला भाग सुरीने कापत गेले, आत पांढरं आणि टणक लागेपर्यंत. कापलेल्या जागी हळद लावली. दोन दिवस कंद सावलीत पेपरवर उघडे ठेवले, पाणी नाही, माती नाही. मग साध्या भाजक्या मातीच्या कुंडीत लावले. तळाशी विटेचे तुकडे, वर दोन वाट्या माती, एक वाटी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक वाटी जाड वाळू. पहिलं पाणी आठवड्याने. पाच जुन्या आणि एक नवी अशा सहा दांड्यांतल्या दोनच उरल्या होत्या. आज सहा आहेत. दोन ऑक्टोबरात आल्या, दोन एप्रिल-मेमध्ये. ज्या दिवशी ऑक्टोबरातला कोंब दिसला त्या दिवशी मी सासूबाईंना हाताला धरून दाखवायला नेलं.

गेलेल्या दांड्यांवर काही पर्णिका धडधाकट होत्या. त्या टाकवेनात. आठ पर्णिका दह्याच्या डब्याला भोकं पाडून ओलसर वाळू-कोकोपीटमध्ये खोचल्या. नोव्हेंबरात एक उकरून पाहिली तर बुडाशी वाटाण्याएवढा कंद आणि दोन मुळं. एवढ्यासाठी तीन महिने! वर कोंब यायला एप्रिल उजाडला. आठातल्या पाच जगल्या. पर्णिका मधेच पिवळी पडली तरी उपटू नका, खाली कंद तयार असतो.

पाण्याचं माझं आताचं गणित तारखेवर नाही. खराट्याचा एक हीर कुंडीत तळापर्यंत खोचायचा आणि बाहेर काढून बघायचा. माती चिकटून आली तर थांबायचं. कोरडा निघाला तरी चार दिवस जाऊ द्यायचे, मग खालून वाहेपर्यंत भरपूर पाणी द्यायचं आणि ताटलीतलं ओतून टाकायचं. उन्हाळ्यात हे साधारण पंधरा दिवसांनी येतं, थंडीत महिन्याने, पावसाळ्यात पाच आठवडेही जातात. तहानलं तर दांड्यांना बारीक सुरकुत्या पडतात, तेव्हा पाणी दिलं की सावरतं. जास्त झालं तर ते उशिरा कळतं.

उजेडाबद्दल सगळीकडे सांगतात की अंधारातही चालतं. जगतं, हे खरं. पण आमच्या हॉलमध्ये आलेल्या दांड्या लांबुळक्या आहेत, पर्णिकांमधलं अंतर जास्त आणि सगळ्या खिडकीकडे झुकलेल्या. दर पंधरा दिवसांनी कुंडी फिरवते. आता महिन्यातले आठ दिवस ती बेडरूमच्या पूर्वेच्या खिडकीपासून हातभर आत ठेवते, आणि मेमधल्या दांड्या तिथेच भरदार आल्या. थेट ऊन मात्र नको. एकदा बाल्कनीत दुपारभर राहिलं तर एका दांडीवर पांढरे डाग पडले, ते अजून आहेत.

नर्सरीत पाटी होती, ‘हवा शुद्ध करणारे झाड’. यासाठी घेऊ नका. झाडं हवा शुद्ध करतात हे ज्यावरून सांगितलं जातं तो नासाचा १९८९ चा गाजलेला प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. दारं-खिडक्यांतून एरवी जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं त्यात निघालं. मला ते हॉलमध्ये हिरवं दिसतं, त्यासाठी हवं आहे.

या झाडाने कॅन्सर होतो असा मेसेजही मला आला होता. त्यात तथ्य नाही. पण अळूसारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यातही असतात. अळूचं फदफदं करताना आपण चिंच घालतो ती घशाला खाज सुटू नये म्हणून. हे झाड तर खायचंच नाही. माझा दीड वर्षाचा भाचा आला की कुंडी कपाटावर जाते. मांजर किंवा कुत्रा असेल तर हीच काळजी घ्या. कापताना मी हातमोजे घालते.

बाकी त्रास फार नाही. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पानं पुसते, चमकवायचे फवारे वापरत नाही. डिसेंबरात एका दांडीच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दिसला, तो कापसाने पुसून कडुलिंबाचं तेल फवारलं, परत आला नाही. खत वर्षातून दोनदा मूठभर गांडूळखत, बस.

ज्यांना रोज उठून झाडाला काहीतरी करावंसं वाटतं त्यांनी तुळस, पुदिना लावावा, झीझी घेऊ नये. घ्यायला जाल तेव्हा कुंडी बाजूंनी दाबून बघा. प्लास्टिक फुगलेलं असेल तर कंद भरपूर आहेत. दांडीचं बूड टणक हवं, आणि मातीला कुबट वास आला तर ते रोप तिथेच राहू द्या. मोठी कुंडी घेऊ नका, कंदांपेक्षा दोन बोटं जास्त पुरते.

दह्याच्या डब्यातल्या पाचांपैकी दोन रोपं नणंदेकडे गेली, एक खालच्या मजल्यावर. उरलेली दोन सासूबाईंच्या खोलीत आहेत. परवा त्या हीर खोचून बघत होत्या. म्हणाल्या, “अजून ओली आहे गं, शनिवारी बघते.”