सोसायटीच्या हिशेबात बँकेची फाइल: एक्सेल, पीडीएफ की एमटी ९४०?

सोसायटीच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर दाखवायला आलेला माणूस 'बँक स्टेटमेंट इम्पोर्ट होतं' एवढं म्हणतो आणि पुढच्या स्क्रीनवर जातो. खजिनदाराने त्याला तिथेच थांबवून विचारावं, कोणती फाइल? महिन्याचा ताळमेळ एका संध्याकाळी उरकतो की अख्खा रविवार खातो, हे बरंचसं त्या उत्तरावर ठरतं.

आमची सोसायटी ८४ सदनिकांची. रोजचा व्यवहार एका व्यापारी बँकेत, राखीव निधी सहकारी बँकेत, त्यामुळे तिन्ही प्रकार हाताखालून गेले आहेत. फाइल कुठलीही असो, मी दोन गोष्टी बघतो. प्रत्येक व्यवहाराची ओळख, म्हणजे यूटीआर (ऑनलाइन पैसे पाठवल्यावर बँक त्या व्यवहाराला देते तो वेगळा क्रमांक) किंवा चेक नंबर, शाबूत आहे का? आणि सुरुवातीची व अखेरची शिल्लक ताडून बघता येते का?

एक्सेल किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) सगळ्यांना मिळते, म्हणून बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. वरच्या पंधरा-वीस ओळी पत्ता आणि आयएफएससीमध्ये जातात, त्या काढाव्या लागतात. कोणता रकाना जमेचा, कोणता नावेचा, हे सॉफ्टवेअरला एकदा सांगितलं की पुढे ते लक्षात ठेवतं. इथवर ठीक. घोळ होतो तो फाइल 'जरा बघू' म्हणून एक्सेलमध्ये उघडल्यावर. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ आकडी असतो. एक्सेल त्याला संख्या समजतं आणि ४.१२३४६ई+११ असं काहीतरी दाखवतं. तशीच सीएसव्ही सेव्ह केली की शेवटचे आकडे गेलेच, परत मिळत नाहीत. एनईएफटीचा यूटीआर अक्षरांनी सुरू होतो, म्हणून तो वाचतो. चेक नंबरच्या सुरुवातीची शून्यंही अशीच गळतात.

तारखांचं तर विचारूच नका. कम्प्युटरची मांडणी अमेरिकन असेल तर ०५/०४/२०२५ म्हणजे ५ एप्रिल न राहता ४ मे होतो. १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र महिना म्हणून बसत नाहीत, म्हणून त्या नुसता मजकूर होऊन राहतात. आमच्याकडे मेंटेनन्स भरायची मुदत १० तारीख, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे नेमके फिरणाऱ्या तारखांमध्येच येतात. एका एप्रिलमध्ये वेळेवर पैसे भरलेल्या अकरा जणांच्या बिलावर व्याज लागलं. तेव्हाच्या उपविधींनुसार थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता यायचं, त्यामुळे रकमा किरकोळ होत्या; पण वॉचमनच्या केबिनपाशी जे ऐकावं लागलं ते किरकोळ नव्हतं. तेव्हापासून नियम एकच: बँकेतून उतरवलेली मूळ फाइल न उघडता सॉफ्टवेअरला द्यायची, आणि बघायची असेल तर तिची प्रत बघायची.

पीडीएफ हा नाइलाजाचा मार्ग. बऱ्याच सहकारी बँकांचं नेटबँकिंग फक्त बघण्यापुरतं असतं आणि पीडीएफशिवाय हाती काही लागत नाही. ती फाइल बहुधा पासवर्डची असते. सॉफ्टवेअर ती वाचतं खरं, पण तपशील तीन ओळींत मोडला की एका व्यवहाराच्या दोन नोंदी होतात, आणि नावेचा रकाना रिकामा असला की जमेची रक्कम सरकून तिथे जाऊन बसते. अखेरची शिल्लक जुळली नाही तर पुढे जाऊच नये. इंटरनेटवरच्या फुकट कन्व्हर्टरवर स्टेटमेंट चढवणं मला साफ नामंजूर आहे. त्यात सगळ्या सभासदांची नावं आणि व्यवहार असतात. महिन्याला दहा-बारा नोंदी असलेल्या राखीव निधीच्या खात्याला पीडीएफ चालते. मेंटेनन्स जमा होणाऱ्या खात्याला नाही.

एमटी ९४० हे नाव ऐकून सेक्रेटरींनी मला विचारलं होतं, 'हे काय, मोटारीचं मॉडेल?' ही बँकांच्या स्विफ्ट पद्धतीतली स्टेटमेंटची ठरीव मांडणी. साधी मजकुराची फाइल असते: ६०एफ खुणेच्या ओळीत सुरुवातीची शिल्लक, ६१ मध्ये तारीख, जमा-नावे आणि रक्कम, ८६ मध्ये तपशील, ६२एफ मध्ये अखेरची शिल्लक. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच येते, फिरायला जागा नाही. रकाने जुळवण्याची भानगड नाही. शिल्लक फाइलमध्येच असल्याने ओळ गळली तर कळतं. अडचण मिळण्याची आहे. ही सोय सहसा कॉर्पोरेट नेटबँकिंगमध्ये असते, त्यामुळे शाखेत अर्ज करावा लागतो, ठराव जोडावा लागतो. शिवाय ८६ मधला तपशील प्रत्येक बँक आपापल्या पद्धतीने लिहिते, म्हणून आपल्या बँकेची खरी फाइल सॉफ्टवेअरवाल्याला आधीच द्यावी. ओएफएक्स नावाचा आणखी एक प्रकार परदेशात चालतो. त्यात प्रत्येक व्यवहाराला वेगळा क्रमांक असतो, ही त्याची खरी ताकद. आपल्या बँकांकडे सोसायटीने तो शोधत बसू नये.

आता नावडती गोष्ट. फाइल कितीही चांगली असली तरी पैसे कोणत्या फ्लॅटचे हे ती सांगेलच असं नाही. भाडेकरू भरतो, मुलगा पुण्याहून भरतो, तपशिलात फ्लॅट नंबरच नसतो आणि रक्कम सस्पेन्स खात्यात, म्हणजे कोणाचे ते न कळलेल्या पैशांच्या खात्यात, पडून राहते. यावर औषध म्हणजे बँकेकडून प्रत्येक फ्लॅटला वेगळा व्हर्च्युअल खाते क्रमांक घेणं. पैसे मूळ खात्यातच येतात, पण कोणाचे ते क्रमांकावरून कळतं. सगळ्या बँका ही सोय देत नाहीत आणि शुल्कही लागू शकतं. दोनशे फ्लॅटच्या संकुलाने जरूर चौकशी करावी. तीस फ्लॅटच्या इमारतीत 'रिमार्कमध्ये फ्लॅट नंबर लिहा' असं दर महिन्याला व्हॉट्सॲपवर बजावलं तरी निभतं.

मी आज निवडायला बसलो तर मेंटेनन्सच्या खात्याला एमटी ९४० मागेन, मिळेपर्यंत न उघडलेली सीएसव्ही वापरेन, आणि सहकारी बँकेची पीडीएफ शिल्लक ताडून घेईन. सॉफ्टवेअर पक्कं करण्याआधी डेमोवाल्यासमोर आपलीच एक जुनी फाइल ठेवा आणि ती लागोपाठ दोनदा टाकायला सांगा. दुसऱ्या वेळी त्याने 'या नोंदी आधीच आहेत' म्हणून अडवलं पाहिजे. आमच्या आधीच्या सॉफ्टवेअरने अडवलं नव्हतं, आणि १ ते १५ व १० ते ३० अशी एकमेकांवर चढलेली दोन स्टेटमेंट घेतल्यावर नऊ सभासदांना एकाच चेकच्या दोन-दोन पावत्या गेल्या होत्या.