सिलिका जेलमध्ये पाकळ्या सुकवणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आत्ता समोर दोन बरण्या ठेवल्या आहेत. दोन्हींत एकाच गुलाबाच्या, एकाच दिवशी सुकवलेल्या पाकळ्या. एक बरणी बंद कपाटात होती, दुसरी खिडकीपाशी. कपाटातल्या पाकळ्या अजून गुलाबी आहेत, फक्त कडा जराशा जांभळट झाल्यात. खिडकीतल्या पार विटून जुन्या कागदासारख्या पिवळट झाल्या. सिलिका जेल म्हणजे ओल शोषून घेणारे दाणे. त्याबद्दल मला सांगायचं आहे ते हेच: सुकवण्याचं काम ते फार सुंदर करतं, पण पुढची राखण आपल्यालाच करावी लागते.

पूर्वी मी पाकळ्या कागदावर पसरून सावलीत वाळवायचे. आठवडा-दीड आठवडा लागायचा आणि पाकळ्या आक्रसून गुंडाळल्या जायच्या. वाडग्यात सुवासासाठी ठेवायच्या तर तेवढं पुरतं, तिथे आजही मी जेल वापरत नाही. पण फ्रेममध्ये किंवा रेझिनमध्ये (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात) पाकळीचा मूळ बाक दिसायला हवा असतो. पुस्तकात दाबली तर ती सपाट होते, जेलमध्ये बाक तसाच राहतो.

दाणे मात्र साखरेएवढे बारीक हवेत. मोठ्या मण्यांचे वळ पाकळीवर उमटतात आणि ते जात नाहीत. डब्यात तळाला दोन बोटं जेल पसरते. त्यावर पाकळ्या एकमेकींना न चिकटवता, खोलगट बाजू वर करून ठेवते. मग चमच्याने कडेकडेने जेल सोडत जाते. आतून-बाहेरून सारखा भार आला नाही तर पाकळी मधोमध दुमडते. घट्ट झाकण लावलं की गुलाबाला दोन-तीन दिवस पुरतात, जाड पाकळ्यांना चार-पाच. सुकली की नाही हे मी पाकळीच्या टोकाला बघत नाही, बुडाशी बघते. तो पांढरट, जाडसर भाग सगळ्यात शेवटी सुकतो. तिथे थोडी जरी ओल राहिली तरी रेझिनमध्ये नेमका तिथेच तपकिरी डाग पडतो.

जेल भरपूर घ्यावं. १०० ग्रॅम ताज्या पाकळ्यांत साधारण ८० ग्रॅम किंवा त्याहून जास्त पाणीच असतं. जेल स्वतःच्या वजनाच्या जेमतेम एक-तृतीयांश पाणी धरतं आणि भरत आलं की त्याचा वेगही मंदावतो. म्हणून मी पाकळ्यांच्या वजनाच्या पाच-सहा पट जेल घेते.

रंगांचा अंदाज यायला मला तीन महिने लागले. पिवळा आणि केशरी उत्तम राहतो. पांढऱ्या पाकळ्या मळकट होतात. लाल गुलाब सुकून जवळजवळ काळा दिसतो, कारण पाणी गेलं की रंगद्रव्य दाटतं. लाल हवा असेल तर मी गडद गुलाबी फूल निवडते. फूल पूर्ण उमलायच्या थोडं आधीच, दव वाळल्यावर तोडते. कोमेजायला लागलेलं फूल जेलमध्ये सुधारत नाही.

जेल पुन्हापुन्हा वापरता येतं, ही त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ओल धरली की नारिंगी दाणे हिरवे होतात. निळ्याचे गुलाबी होणारे दाणेही मिळतात, पण त्यांत विषारी कोबाल्ट क्लोराईड असतं, म्हणून ते मी घेत नाही. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास ठेवलं की पुन्हा नारिंगी होतात. ट्रे वेगळा ठेवावा, स्वयंपाकाचा नको. तापलेलं जेल उघड्यावर गार केलं तर हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गार करते. एकदा घाईत ते कोमट असतानाच पाकळ्या पुरल्या, त्या सगळ्या तपकिरी झाल्या. आता दाण्यांची धूळ वाढली आहे. मास्क लावून चाळते आणि पाकळ्यांवरची धूळ मऊ ब्रशने झटकते.

सगळ्यात जास्त नुकसान सुकवल्यानंतर झालं. दमट हवेत एका बरणीचं झाकण रात्रभर सैल राहिलं आणि सकाळी सगळ्या पाकळ्या सादळलेल्या. परत जेलमध्ये घातल्यावर कुरकुरीत झाल्या, पण रंग काळवंडला तो काळवंडलाच. दुसऱ्या बरणीत बारीक तपकिरी किडे झाले, पाकळ्यांना सुईने टोचल्यासारखी भोकं पडली. तेव्हापासून सुकलेल्या पाकळ्या हवाबंद पिशवीत घालून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवते. बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा पूर्ण जाईपर्यंत ती उघडत नाही, नाहीतर गार पाकळ्यांवर लगेच दव धरतं. मग बरणीच्या तळाशी जेलची एक पुडी टाकते आणि बरणी थेट कपाटात. खिडकीतली बरणी मी मुद्दाम टाकलेली नाही. नवीन पाकळ्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न पडला की तिच्याकडे एकदा बघते.