वही झाकायची की उघडायची?

खात्यांतर्गत हिशेबाच्या परीक्षेला मी दोनदा बसलो. पहिल्या वेळी सगळ्यांना मागे टाकायचं म्हणून एकटा, दुसऱ्या वेळी तिघं मिळून. तुम्ही सध्या याच पेचात असाल तर माझा अनुभव सांगतो, पटला तर घ्या.

ईर्षेनं माणूस पळतो, हे खरंच आहे. मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली सायकलस्वारांच्या वेळा तपासल्या, तेव्हा एकट्यानं घड्याळाशी झुंजणाऱ्यांपेक्षा सोबत कुणी असलेले स्वार वेगवान दिसले. मीही शेजारच्या टेबलावरचा पहाटे उठतो हे कळल्यावर गजराआधीच जागा व्हायचो.

वैताग वेगळाच होता. वही झाकण्याचा. कुणी जवळ आलं की पान उलटायचं आणि अडलं तरी विचारायचं नाही, कारण विचारलं की आपण कुठवर आलोय ते समोरच्याला कळतं! त्यात घटत्या शिलकेचा घसारा, म्हणजे वापरानं यंत्राची किंमत घटते ती दरवर्षी उरलेल्या किमतीवर काढायची, तो मी तीन महिने चुकीचा काढत होतो. लाखाचं यंत्र, दर दहा टक्के, तर पहिल्या वर्षी दहा हजार आणि दुसऱ्या वर्षी उरलेल्या नव्वद हजारांवर नऊ हजार. मी दरवर्षी दहाच हजार वजा करत होतो, तेही सुवाच्य अक्षरात. पुढच्या खेपेला वही तिघांत फिरली आणि पहिल्याच संध्याकाळी एकीनं विचारलं, "हे दहा परत कुठून आले?"

सोबतीतही कटकटी आहेतच. एक जण न वाचता यायचा आणि चहा संपेपर्यंत आमचंच ऐकायचा. माणसं वाढली की दोर ओढताना प्रत्येकाचा जोर कमी पडतो, हे फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांनी १९१३ साली मांडलं होतं. आम्हाला ते तिघांतच कळलं. मग धडे वाटून घेतले आणि ज्याचा धडा त्यानंच समजवायचा असं ठरवलं. तेव्हा कुठे तो वाचायला लागला.

जागा एकच असेल तर माझा सल्ला तितकासा लागू पडणार नाही; तिथे वही झाकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. आमच्या परीक्षेत मात्र ठरावीक गुण मिळवणारा प्रत्येक जण पास होणार होता. दुसऱ्याच्या पास होण्यानं माझा एकही गुण कमी होणार नव्हता, आणि हे नियमपत्रिकेच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. पहिल्या वेळी मी ते पान वाचलंच नव्हतं.