शेंगाचटणी आणि कडक भाकरी : तळ्याकाठी न्यायचा डबा

संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा भुईकोट किल्ल्याच्या बाजूला बसायचं तर सोलापुरात याहून चांगला डबा नाही. सुटी चटणी घेताना चिमूटभर बोटांत दाबून बघा. उखळात कुटलेली असेल तर गोळा धरते, बोटं तेलकट होतात. कोरडी, भुसभुशीत असेल तर घेऊ नका. खवट वास आला तर दाणे जुने.

घरी करायची तर 2 वाट्या शेंगदाणे मंद आचेवर डाग पडेपर्यंत भाजून पूर्ण गार करा. त्यात 10-12 लसूण पाकळ्या, 2 चमचे तिखट, 1 चमचा जिरं, चवीपुरतं मीठ. मिक्सर थांबून थांबूनच फिरवा. सलग फिरवला की भांडं तापतं आणि चटणीचा लगदा होतो. उखळ असेल तर प्रश्नच नाही, ती चव मिक्सरला येत नाही.

भाकरी पातळ, कटकन मोडणारी हवी. पावसाळ्यात सादळली तर मंद तव्यावर 2 मिनिटं ठेवा. दही मात्र वेगळ्या डब्यात न्या आणि भाकरी ऐनवेळी चुरा.