मॉन्स्टेरा अस्सल, पण मॉस स्टिक नावापुरती

पुण्यातील एका रोपवाटिकेतून ‘मॉन्स्टेरा डेलिसिओसा, मॉस स्टिकसह’ अशी नोंद असलेले रोप साडेआठशे रुपयांना घेतले. मॉन्स्टेरा म्हणजे मोठ्या, छिद्रे असलेल्या पानांची, घरात लावली जाणारी वेल आणि मॉस स्टिक म्हणजे तिला चढायला दिलेली, शेवाळाने मढवलेली आधाराची काठी. रोपाबद्दल तक्रार नाही. ‘मिनी मॉन्स्टेरा’ म्हणून सर्रास खपवली जाणारी रॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा ही थायलंड-मलेशियाकडील वेगळीच वेल असते. येथे मात्र सर्वांत मोठ्या पानाच्या देठावर, पाते सुरू होण्याच्या किंचित आधी, जुन्या झाडाची ओळख असलेली चुणीदार कड स्पष्ट दिसत होती. मुळे पांढरी व टणक होती आणि पानांमागे पिठ्या ढेकणाचा मागमूस नव्हता.

नाराजी आहे ती काठीबद्दल. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या वर्षावनांत ही वेल हवाई मुळांनी झाडांच्या खोडांना धरून वर चढते आणि चढत गेली की तिची पाने मोठी व अधिक छिद्रांची होतात. म्हणजे काठी हा शोभेचा भाग नव्हे. मिळाली ती प्लास्टिकच्या नळीला काथ्या गुंडाळलेली होती. तिच्यावर ओतलेले पाणी तसेच निथळून जाते, त्यामुळे मुळांना धरायला ओलावाच उरत नाही. त्यात भर म्हणजे सुतळी खोडाच्या पेराऐवजी पानांच्या देठांना बांधलेली होती, म्हणजे नवे पान उलगडताना ते अडकणारच.

सोबतच्या चिठ्ठीतील ‘सावलीतही वाढते’ हे विधान अर्धसत्य आहे. अंधाऱ्या कोपऱ्यात रोप तगते खरे, पण नवी पाने लहान आणि अखंडच येतात, आणि छिद्रांसाठी तर आपण पैसे मोजलेले असतात! जंगलाच्या तळाशी ऊन कवडशांनीच पोहोचते. तेवढ्याच पेशींत अधिक जागा व्यापणारे सच्छिद्र पान हे कवडसे अधिक भरवशाने टिपते, असा तर्क वनस्पती-अभ्यासक क्रिस्टोफर म्यूर यांनी 2013 मध्ये मांडला होता. घरात पडद्याआडचा भरपूर उजेड या रोपाला मानवतो.

चिठ्ठीत नसलेली, पण असायलाच हवी होती अशी सूचना म्हणजे हे अळू-सुरणाच्या कुळातील झाड असल्याने त्याच्या पानांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजराने किंवा लहान मुलाने पान चावल्यास तोंडाची आग होते.

रोपाला पाचपैकी चार गुण, काठीला एक. काठीविना रोप स्वस्तात देत असतील तर तसेच घ्यावे आणि प्लास्टिकच्या जाळीत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे शेवाळ) भरून आधार घरीच करावा.