जुनं रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर कोणतं: विलायती की कानपूरचं?

परवाना मंजूर झाला की पुढचा प्रश्न हत्याराचा. दुकानातून नवं घ्यायचं, की एखाद्या परवानाधारकाकडचं जुनं? जुनं घ्यायचं तर विलायती की कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं? स्वसंरक्षणासाठी .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर शोधणाऱ्या बहुतेकांचा घोळ इथेच सुरू होतो. ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांच्यासाठी हा विषय इथेच संपतो. विनापरवाना हत्यार बाळगलं तर शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षांची कैद आहे, आणि ते विकणाऱ्याची शिक्षा त्याहून बरीच मोठी.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. आपल्याकडे जुन्या रिव्हॉल्व्हरची किंमत त्याच्या तब्येतीवर ठरत नाही, टंचाईवर ठरते. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. नामवंत नेमबाजांसारखे मोजके अपवाद आहेत, तेवढेच. त्यामुळे त्याआधी देशात आलेल्या वेब्ली, स्मिथ अँड वेसन आणि कोल्टच हातोहात फिरत राहतात. दर वर्षी त्यांची झीज वाढते आणि दर वर्षी भावही वाढतो. काही लाख मोजून घेतलेलं विलायती रिव्हॉल्व्हर आतून खिळखिळं निघू शकतं, आणि त्याच्या निम्म्याहून कमी किमतीचं कानपुरी हत्यार जेमतेम एक डबी काडतुसं उडवलेलं, ठणठणीत असू शकतं.

विलायती म्हणजे बाजारात मुख्यतः तीन नावं. वेब्ली मार्क फोर हे टॉप-ब्रेक, म्हणजे नळी बिजागरीवर खाली झुकून उघडणारं. स्मिथ अँड वेसनचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं नळकांडं, डावीकडे बाहेर येतं. कोल्ट पोलीस पॉझिटिव्हचंही तसंच, पण आतली यंत्रणा वेगळी. तिन्हींचा चाप कानपुरीपेक्षा मऊ असतो आणि फिनिशिंग डोळ्यांत भरतं. तरीही माझी पसंती उतरत्या क्रमाने अशीच: वेब्ली, मग स्मिथ, शेवटी कोल्ट. जुन्या कोल्टचं टायमिंग, म्हणजे घोडा मागे जाताना सिलिंडरचा खण नळीसमोर अचूक येणं, झिजेनं लवकर बिघडतं, ते नीट बसवणारा कारागीर विरळा, आणि सुटे भाग बाहेरून मागवायची सोय नाही. वेब्लीचं उलट आहे. कानपूरचं रिव्हॉल्व्हर तिच्याच घडणीवर बेतलेलं असल्यामुळे आपल्या बंदूक दुरुस्तीवाल्यांच्या हाताला ती रचना सवयीची आहे.

वेब्लीच्या बाबतीत एक खबरदारी. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे अलीकडच्या काळात वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने .३२ रिव्हॉल्व्हर बनू लागली. विक्रेता नुसतं ‘वेब्ली आहे’ म्हणाला तर ती बर्मिंगहॅमची की संडीलाची, ते नळीवरचे शिक्के पाहून ठरवा. जुन्या विलायती वेब्लीवर बर्मिंगहॅम प्रूफ हाउसचे, म्हणजे हत्यारांची ताकद तपासणाऱ्या तिथल्या संस्थेचे, मुकुटवाले शिक्के असतात. संडीलाची वाईट असं नाही, पण तिला बर्मिंगहॅमचा भाव देण्याचं कारण नाही.

कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं, साधारण ७०० ग्रॅमचं. चाप जड, नेम धरायची साइट बारीक, कडा ओबडधोबड. पण ते बाळगणारे बहुतेकजण ते कपाटातच ठेवतात, म्हणून झीज कमी. कागदपत्रं सहसा सरळ, कारण मालक एकच. २०१४ साली आलेलं ‘निर्भीक’ टायटॅनियम मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं. तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती आणि आता तीही जुन्या बाजारात दिसतात. रोज कमरेला लावणार असाल तर हा २०० ग्रॅमचा फरक मोठा आहे. तिजोरीत ठेवणार असाल तर त्याला काही अर्थ नाही.

नव्याचाही विचार करा. ऑगस्ट २०२३मध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आलं, सिलिंडर बाजूला उघडणारं. मात्र रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५मध्ये २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. दोन व्यक्तींमधल्या खासगी विक्रीत हा कर नसतो, म्हणून जुन्याचे मालक भाव ताणू लागलेत. जुन्या कानपुरीचा सौदा नव्याच्या करासहित किमतीच्या जवळ जात असेल तर नवंच घ्या.

आता तपासणी. ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात, विक्रेता समोर असताना करा. कुणाच्या दिवाणखान्यात किंवा गाडीत नको. हत्यार हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे सिलिंडर उघडून सहाही खण रिकामे आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहणं. मग घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे घ्या आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकं टेकवून थोडा विरोध करा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकायच्या आत सिलिंडर ‘टक’ करून जागेवर बसलं पाहिजे. सहाही खणांना हे करा. एखाद्या खणाला सिलिंडर मागे राहिलं तर गोळी नळीच्या तोंडाशी तिरकी जाणार आणि शिशाचे कण बाजूला उडणार. घोडा चढवलेला असताना चापाला हात न लावता अंगठ्याने त्याला पुढे रेटून पाहा. तो सुटला तर हत्यार तिथेच परत द्या, मग भाव कितीही उतरो.

सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजता येते. ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम, पाव मिलिमीटरच्या पुढे गेली तर हत्यार बरंच झिजलेलं समजा. टॉप-ब्रेकची आणखी एक कसोटी आहे, आणि ती वेब्लीला नि कानपुरीला सारखीच लागू पडते. एका हातात मूठ, दुसऱ्यात नळी धरा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहा. खिटी किंवा बिजागरीत खडखड जाणवली तर जोड ढिला झालाय. चित्रपटात करतात तसं झटका देऊन उघडमीट करणाऱ्या मालकांची हत्यारं अशीच होतात.

गंजाकडे तर डोळ्यांत तेल घालून पाहा. आपल्याकडे निवडणुकीच्या आचारसंहितेत कितीतरी परवानाधारकांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात. मालक वारला की वारसाचं प्रकरण मार्गी लागेपर्यंतही ती तिथेच पडून राहतात. त्या काळात तेलाचा हात कोण फिरवणार? त्यात कोकणातला पावसाळा आणि चामड्याचं होल्स्टर म्हणजे गंजाला आमंत्रणच. चामडं ओल धरतं. मी पाहिलेल्या एका वेब्लीचं निळं पॉलिश आरशासारखं होतं, पण खणांच्या भिंतींवर खड्डे, आणि नळीवरची अक्षरं गुळगुळीत होऊन पुसट झालेली. गंज घासून काढून नव्याने ब्लूइंग केल्याची ही खूण. नळीच्या मागे पांढरा कागद धरून आत पाहा. आट्या, म्हणजे नळीतल्या वळणदार खाचा, स्पष्ट दिसायला हव्यात. आत कुठे काळसर कडं दिसलं तर तिथे नळी फुगलेली आहे.

गोळीचीही खात्री करा. दोन्ही बाजूंना हवं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. फार जुन्या काही विलायती रिव्हॉल्व्हरचे खण त्याच्या आखूड भावंडाचे असतात, त्यात लाँग काडतूस बसतच नाही. खडकीच्या कारखान्याचं .३२ काडतूस बसेल असंच हत्यार घ्या.

कागदांची बाजू कंटाळवाणी, पण खरी जोखीम तिथेच आहे. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५ प्रमाणे विक्रेत्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला विक्रीचा इरादा आणि तुमचं नाव-पत्ता लेखी कळवायचा, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस गेल्याशिवाय हत्यार द्यायचं नाही. ‘पैसे द्या, घेऊन जा, कागद नंतर करू’ म्हणणाऱ्याकडून उठून या. हत्यारावरचा क्रमांक आणि विक्रेत्याच्या परवान्यावरचा क्रमांक अक्षर-अक्षर जुळवा, एका चुकीच्या अंकाची दुरुस्ती कित्येक महिने खाते. २०१९पासून एका व्यक्तीला दोनच हत्यारं ठेवता येतात. घरची बारा बोअर तुमच्या परवान्यावर असेल तर तीही मोजा. तुमच्या परवान्यावरची खरेदीची मुदत या ४५ दिवसांना पुरेल का, तेही आधीच पाहा. पैसे बँकेतून द्या आणि इसाऱ्याच्या पावतीत हत्याराचा क्रमांक लिहून घ्या.

माझा कौल विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने एका मालकाचं, कमी उडवलेलं कानपुरी घ्यावं, तेही नव्यापेक्षा ठळक स्वस्त मिळत असेल तरच. विलायती त्याने घ्यावं ज्याला रेंजवर नियमित सराव करायचा आहे, मऊ चापाचं मोल कळतं आणि ज्याच्या ओळखीचा दुरुस्तीवाला वरच्या सगळ्या कसोट्या लावून ‘घ्या’ म्हणतो. व्यवहार पुरा झाला की हत्यार तुमच्या परवान्यावर चढवून घ्या आणि विक्रेत्याच्या परवान्यावरून ते उतरल्याच्या नोंदीची प्रत मागून घ्या.