इंग्रजी ग्रामर मराठीतून शिकवणारा कोर्स, सात महिने वापरल्यावर: एका 'व्हेन'वरून झालेलं भांडण

कोर्स घेऊन सात महिने झाले, रिव्ह्यू लिहायचं डोक्यात नव्हतं, पण मागच्या आठवड्यात यांच्या सपोर्टवाल्यांशी एका प्रश्नावरून चार दिवस वाद घातला आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. कोर्सचं नाव देत नाही. व्हिडिओ, टेस्ट सिरीज आणि घरपोच येणारं जाड पुस्तक असा पॅक, मी 1,499 ला घेतला. एमपीएससीच्या संयुक्त मुख्य परीक्षेच्या पेपर 1 मध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं, माझं मराठी बरं आहे, मार्क जातात ते इंग्रजीत आणि त्यातही क्लॉजेसमध्ये, म्हणजे मोठ्या वाक्यातल्या उपवाक्यांमध्ये, म्हणून घेतला.

प्रश्न असा होता. वाक्य: 'टेल मी व्हेन ही कम्स'. 'व्हेन ही कम्स' हा कोणता क्लॉज? मी ॲडव्हर्ब क्लॉज (क्रियाविशेषणाचं काम करणारा) लिहिलं, उत्तरतालिकेत नाऊन क्लॉज (नामाचं काम करणारा), माझं उत्तर चूक आणि वर पाव मार्क वजा. मी लिहून पाठवलं की या वाक्याचे दोन अर्थ होतात. 'तो कधी येतो ते सांग' असा घेतला तर नाऊन क्लॉज, कारण काय सांग याचं ते उत्तर आहे. 'तो आला की मला सांग' असा घेतला तर ॲडव्हर्ब क्लॉज, कारण ते कधी सांग याचं उत्तर आहे. उत्तर आलं, 'उत्तरतालिका अंतिम आहे.' परत विचारलं तर म्हणाले क्रियापदानंतर व्हेन आलं की नाऊन क्लॉज, हा नियम आहे. अहो कुठला नियम? मग 'कॉल मी व्हेन यू रीच होम' यात काय करणार? तिथेही क्रियापदानंतरच व्हेन आहे आणि तो शंभर टक्के ॲडव्हर्ब क्लॉज आहे, घरी पोचलीस की फोन कर असं आपली आई रोज म्हणते.

आणि ज्याने टेन्सेस नीट केलेत त्याला अजून एक गोष्ट दिसेल. पुढे होणाऱ्या गोष्टीबद्दल बोलत असू तर नाऊन क्लॉजमध्ये साधारण 'विल' येतं, 'टेल मी व्हेन ही विल कम', तो कधी येणार ते सांग. वेळ दाखवणाऱ्या ॲडव्हर्ब क्लॉजमध्ये 'विल' येत नाही, तिथे साधा वर्तमानकाळ लागतो. म्हणजे 'कम्स' बघून ॲडव्हर्ब म्हणणारा मुलगा चुकलेला नाही, उलट त्याने नियम लक्षात ठेवलाय. नाऊन क्लॉज अगदीच अशक्य आहे असं मी म्हणत नाही, तो रोज किती वाजता येतो ते सांग असा अर्थ निघतोच. पण मग एकच उत्तर बरोबर कसं? पाव मार्काचा प्रश्न नाहीये, परीक्षेला बसणारी पोरं उत्तरतालिका वाचून नियम पाठ करतात, आणि चुकीचा नियम एकदा डोक्यात बसला की निघत नाही.

आता पुस्तकाबद्दल, कारण माझं मत इथे पूर्ण बदललं. पहिले दोन महिने मला या पुस्तकाचा राग यायचा. प्रत्येक इंग्रजी वाक्याखाली मराठी भाषांतर छापलंय, मला वाटायचं पानं वाढवायला केलंय आणि त्या पानांचे पैसे आपल्याकडून घेतलेत. मेसचं बिल, अभ्यासिकेची फी, रूमचं भाडं यातून बाजूला काढलेले पैसे होते, त्यामुळे जास्तच लागलं. तिसऱ्या महिन्यात रिचार्ज संपला, पाच दिवस केला नाही, व्हिडिओ बंद, म्हणून नुसतं पुस्तक घेऊन बसले होते आणि ही दोन वाक्यं एकाखाली एक दिसली:

आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ज. तो कुठे राहतो मला माहीत नाही.
धिस इज द हाऊस व्हेअर ही लिव्ज. तो जिथे राहतो ते हे घर.

इंग्रजीत दोन्हीकडे व्हेअर. मराठीत एकीकडे 'कुठे', दुसरीकडे 'जिथे'. पहिला नाऊन क्लॉज, दुसरा ॲडजेक्टिव्ह, म्हणजे नामाबद्दल (इथे घराबद्दल) सांगणारा. मी पेन्सिल घेतली आणि अख्खा धडा परत केला, मराठीत क चा शब्द आला की गोल आणि ज चा आला की चौकोन. कोण, काय, कधी, कुठे, कसं, का, सगळे गोल नाऊन क्लॉजवर पडले. जो, जी, जेव्हा, जिथे, जर, जरी, हे चौकोन ॲडजेक्टिव्ह नाहीतर ॲडव्हर्बवर. 'इफ' वर मी कायम अडकायचे, तेही सुटलं. 'आस्क हिम इफ ही हॅज ईटन', तो जेवला का विचार, 'का' आहे म्हणून नाऊन. 'इफ ही कम्स, आय विल गो', तो जर आला तर मी जाईन, 'जर' आहे म्हणून ॲडव्हर्ब. त्या दिवशी रात्री झोप लागली नाही आनंदाने. जी गोष्ट मला इंग्रजीतून दिसत नव्हती ती माझ्या भाषेत लहानपणापासून वेगवेगळ्या शब्दांनी वेगळी करून ठेवलेली होती.

ही युक्ती सगळीकडे चालते असं समजू नका, तीन ठिकाणी फसते. 'व्हॉट ही सेड वॉज ट्रू', तो जे बोलला ते खरं होतं, इथे ज असून नाऊन क्लॉज आहे, कारण 'जे' ला जोडलेलं नाम नाही, अख्खा क्लॉजच कर्ता आहे. दुसरं 'की'. साधारण 'की' म्हणजे नाऊन, तो म्हणाला की वगैरे, पण 'ही वॉज सो टायर्ड दॅट ही स्लेप्ट' मध्ये तो इतका दमला की झोपला, हा परिणाम दाखवणारा ॲडव्हर्ब क्लॉज. आणि 'तो आला की' मधला 'की' तर सरळ जेव्हाच्या जागी आलाय, म्हणून तर माझं ते भांडण झालं. तिसरं म्हणजे बातमीवालं: 'द न्यूज दॅट ही टोल्ड अस', त्याने जी बातमी सांगितली, ॲडजेक्टिव्ह, पण 'द न्यूज दॅट ही पास्ड', तो पास झाला ही बातमी, इथे क पण नाही आणि ज पण नाही, तरी नाऊन. मराठी करून बघितलं की लगेच कळतं.

वाईट याचं वाटतं की 41 व्हिडिओंमध्ये हे एकदाही सांगितलेलं नाही. भांडार त्यांच्याच पुस्तकात पडलंय आणि शिकवणारे 'दॅट दिसला की नाऊन' म्हणून पुढे जातात.

सेंटेन्स टाइप्सचे व्हिडिओ ठीकठाक. शाळेत मराठीत केवल, मिश्र, संयुक्त केलंय तेच सिम्पल, कॉम्प्लेक्स, कंपाउंड, एवढं एक वाक्य आधी सांगितलं असतं तर अर्धा तास वाचला असता. एक चूक मात्र सांगते, सर म्हणतात लांब वाक्य असेल तर बहुतेक कॉम्प्लेक्स. असं काही नसतं हो. 'इन स्पाइट ऑफ हिज इलनेस द ओल्ड मॅन वॉक्ड टु द मार्केट टु बाय मेडिसिन' एवढं लांब आहे पण काळ दाखवणारं क्रियापद एकच, 'वॉक्ड', म्हणजे सिम्पल. आणि 'आय नो ही लाइड' चार शब्दांचं कॉम्प्लेक्स, त्यातला दॅट नुसता गाळलाय. लांबी बघू नका, अशी क्रियापदं किती आहेत ते मोजा. आणि जरी-तरी च्या सवयीने 'ऑल्दो' लावून पुढे 'बट' लावू नका, मराठीला जोडी लागते, इंग्रजीत एकच पुरतो. 'बिकॉज' पुढे 'सो' लावणं पण तसंच.

व्हिडिओची मुदत सहा महिन्यांची, माझी मागच्या महिन्यात संपली, वाढवायला 599 मागतात, मी भरले नाहीत आणि भरणारही नाही. पुस्तक मात्र रोज हातात असतं. क्लॉजेसच्या पानांची बाइंडिंग सुटलीय, ती मी दोऱ्याने शिवून घेतली. कोणी विचारलं तर सांगेन नुसतं पुस्तक मिळत असेल तर घ्या, पॅक नको.

काल रात्री सपोर्टचा मेसेज आला, पुढच्या आवृत्तीत ते वाक्य बदलतो म्हणाले. माझा मार्क दिला नाही. मी त्यांना त्याऐवजी टाकायला दोन वाक्यं पाठवलीत, 'टेल मी व्हेन ही विल कम' आणि 'कॉल मी व्हेन ही कम्स', दोन्हीखाली मराठी भाषांतर लिहून.